आणि

अप्पांची जेवणाआधीची प्रार्थना लांबायची.
कडक भाकरीला त्याचं काही नव्हतं,
पण आमटीवर साय धरायची,
धाकटा योएल एक डोळा किलकिला करून
शेंगाचटणीत बोट बुडवायचा
आणि आई, मिटल्या डोळ्यांनीच,
नेमकी त्याच्या मनगटावर चापट मारायची.

सुरुवात ठरलेली: दयाळू बापा, तुझे उपकार.
मग आणि.
आणि नळाला पाणी आलं, चौथ्या दिवशी का होईना.
आणि मागावर आज धागा कमी तुटला.
आणि शेजारच्या नागव्वाच्या विड्या कारखान्यात छाटल्या नाहीत.
आणि सायकल पंक्चर झाली ती दुकानासमोरच.
मी मनात मोजायची. एकदा सतरा भरले.

गिरणीचा भोंगा कायमचा थांबला त्या रात्री
आम्ही ताटावर वाट बघत बसलो,
आता काय म्हणतील.
अप्पा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, बापा, ह्याबद्दल
मला तुझे आभार मानता येत नाहीत.
आईनं डोळे उघडले.
आणि मीठ आहे, ते म्हणाले,
आणि चौघंही घरात आहोत. आमेन.
इतकी आखूड प्रार्थना त्यांनी पुन्हा केली नाही.

उपकारस्तुतीच्या रविवारी लोक आणायचे
भोपळे, ज्वारीची कणसं, पाय बांधलेला कोंबडा.
अप्पांनी त्या वर्षी एक टॉवेल नेला,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला,
काठाशी वीण चुकलेला,
शेठनं त्यांच्याच पगारातून कापलेला.
लिलावात पाळकबाईंनी वीस रुपयांना घेतला.
पुढे किती बाप्तिस्म्यांना
बाळांची डोकी त्यानंच टिपली.

गेल्या मार्चमध्ये झटका आला.
सिव्हिलमध्ये अकरा दिवस.
उजवा हात गेला आणि शब्द गेले.
एखादा राहतो, डॉक्टर म्हणाले,
कुठला, ते आमच्या हातात नाही.
राहिला तो आणि.
तहान लागली की आणि. पंखा वाढव, आणि.
मी आईचा फोटो पुसायला घेतला
की पाठीमागून, हळू, आणि.

प्रार्थना माझ्याकडे आली
घराच्या किल्ल्यांसारखी, न मागता.
मला नाही जमत.
मी टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस.
दिवसभर डाग, गाठ, सुटलेला फेर शोधायचा,
खडूनं खूण करायची, बाजूला टाकायचं.
संध्याकाळी तेच डोळे घेऊन घरी येते.

काल त्रेचाळीस अंश.
रात्री नऊलाही भिंतीला पाठ टेकवेना.
भाकरी, दही, कांदा.
मी उरकलं: बापा, या अन्नाबद्दल आभार,
येशूच्या नावानं, आमेन.
घास मोडला.

आणि, अप्पा म्हणाले.

डोळे मिटलेले. डावा हात ताटाशेजारी, उताणा.
पाणी हवं असेल म्हणून पेला पुढे केला.
घेतला नाही.
आणि.

घास खाली ठेवला. डोळे मिटले.
काय सांगू?
आणि पाणी आलं, म्हटलं, पाचव्या दिवशी,
रात्री अडीचला.
अप्पा थांबलेले.
आणि पिंप भरेपर्यंत टिकलं.
आणि नागव्वाची नात उठून आली, न बोलावता,
दुसरी घागर तिनं उचलली.
आणि योएलचा पुण्याहून फोन आला,
पैशाचं बोलला नाही, नुसताच बोलला.
मध्येच माझा आवाज अडकला,
धागा तुटल्यावर माग थांबतो तसा.
अप्पांनी घाई केली नाही.
आणि बापा, आज सकाळी
त्यांनी शर्टाचं एक बटण स्वतः लावलं,
डाव्या हातानं, चुकीच्या काजात.
मी ते दिवसभर
तसंच राहू दिलं.

दही पातळ व्हायला लागलं होतं.
आणि, अप्पा म्हणाले.